बाल्कनीतला गांडूळखताचा डबा: वास का येतो, गांडुळं का पळतात आणि घरच्या घरी नीट कसा बांधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कोथरूडला चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी, घरात चार माणसं, 20 लिटरच्या रंगाच्या बादलीला खाली भोकं पाडून त्यात थोडी माती, विकत आणलेली अर्धा किलो गांडुळं आणि वर रोजचा सगळा ओला कचरा. तिसऱ्या आठवड्यात वास, चिलटं, गांडुळं झाकणाला चिकटलेली, तळाला काळा लगदा, आणि आता सासूबाई म्हणतायत ते आधी उचलून फेका. फेकू नका हो. झाकणाला चिकटलेली गांडुळं जिवंत आहेत, म्हणजे बराचसा कळप वाचवता येईल.

आधी आजच्या आज काय करायचं ते सांगतो, बांधकाम नंतर. बाल्कनीत जुनं गोणपाट पसरा आणि बादली त्यावर उपडी करा. जिवंत गांडुळं हाताने वेचा (हातमोजे घाला, पण वेचताना चिमटीत धरू नका, खालून बोटाने उचला), आणि एखाद्या टबमध्ये ओल्या केलेल्या खाकी पुठ्ठ्याचे तुकडे टाकून त्यात ठेवा. टबावर ओलं फडकं टाका, सावलीत ठेवा, आणि नवा डबा तयार होईपर्यंत त्यांना काहीही खायला घालू नका. पुठ्ठाच खातील, मरत नाहीत. तो काळा लगदा सुक्या मातीत आणि पाल्यात कालवून सोसायटीतल्या एखाद्या झाडाच्या बुंध्यापासून जरा लांब पुरून टाका, तो परत डब्यात घेऊ नका, त्यात हवाच उरलेली नसते. आणि कुणी आंबटपणा घालवायला चुना टाका म्हणून सांगितलं असेल तर अजिबात टाकू नका, पानाचा चुना असो की भिंतीचा, गांडुळाची कातडी भाजते. तेच काम अंड्याच्या टरफलांची पूड करते आणि कुणाला भाजत नाही.

आता हे का झालं. सगळ्यांना वाटतं आपण गांडुळांना भाजी खायला घालतोय. गांडुळाला दात नसतात, ताजी दुधीची साल त्याला चावता येत नाही. साल आधी जिवाणू आणि बुरशी कुजवतात, ती मऊ पडते, मग गांडूळ त्या मऊ झालेल्या भागासकट त्यावरचे जिवाणू गिळतं आणि पोटातल्या जात्याने बारीक करतं, तिथे दातांच्या जागी वाळूचे बारीक कण लागतात. म्हणजे तुमचं पहिलं गिऱ्हाईक डोळ्याला न दिसणारं आहे, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. नव्या डब्यात जिवाणूंची वस्ती नसते, त्यात आपण हौसेने रोज पाऊण किलो कचरा ओततो, भाजीत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं, ते खाली उतरतं, तळाची हवा हाकलतं, आणि हवेविना जे कुजतं त्याचाच तो वास. गांडूळ श्वास घेतं कातडीने, तीसुद्धा ओली असेल तरच, पण बुडालेल्या लगद्यात त्याला ऑक्सिजनच मिळत नाही म्हणून ते वर चढतं. तुम्हाला वाटलं पळून जातंय. ते श्वास घ्यायला वर आलं होतं.

बघण्यात आलेले बहुतेक घरगुती डबे उपासमारीने मेलेले नाहीत, लाडाने मेलेत. पहिले दोन महिने कमी घालणं आणि सुका माल भरपूर ठेवणं एवढं ज्याला जमलं त्याचा डबा चालतो, बाकी सगळं दुरुस्त करता येतं.

बादली हा आकारच चुकीचा. ही गांडुळं वरच्या सहा-आठ इंचात राहणारी, त्यांना खोली नको, पसारा हवा. हिशोब साधा आहे, एका चौरस फुटाला साधारण अर्धा किलो गांडुळं ही वरची मर्यादा. तुमच्या बादलीचं तोंड जेमतेम पाऊण चौरस फूट भरेल आणि खोली सव्वा फूट, म्हणजे दाटी वर आणि खाली विहीर. त्यापेक्षा मंडईत भाजीवाल्यांकडे असतं ते प्लास्टिकचं क्रेट घ्या, जुनं चालेल, उलट जुनंच बरं. दोन फूट बाय सव्वा फूट, एक फूट उंच, म्हणजे अडीच चौरस फूट जागा. तुमच्या अर्ध्या किलोला ऐसपैस होतं आणि वाढायला वाव राहतो. क्रेटला चारी बाजूंनी जाळी असतेच, वेगळी भोकं पाडायची गरज नाही. आतून हिरवं शेडनेट दुहेरी करून लावा आणि सुतळीने किंवा केबल टायने काठाला बांधा, म्हणजे माल सांडत नाही आणि हवा चालू राहते. क्रेट नकोच असेल तर पसरट टब चालतो, पण मग तळाला आणि बाजूंना वरच्या भागात भरपूर भोकं हवीत, ड्रिल नसेल तर सोल्डरिंग गनने पाच मिनिटांत होतात. थर्माकोलचा डबा उन्हाळ्यात चांगला थंड राहतो पण गळतो, फुटतो, उंदीर कुरतडतो, मी सांगत नाही.

क्रेट जमिनीवर टेकवू नका. चार विटा किंवा चार लाकडी ठोकळे, खाली एक ताट. आणि विटा चार जुन्या डब्यांच्या झाकणांत ठेवून झाकणांत पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हे लाल मुंग्यांसाठी. मुंग्यांचा खडू जवळपाससुद्धा ओढू नका, ते कीटकनाशक आहे, ओल्या विटेवरून आत पाझरलं की मुंग्यांबरोबर गांडुळंही जातात.

भरायचं कसं, तर तळाला नारळाच्या शेंड्या दोन इंच. त्यावर बेडिंग, म्हणजे गांडुळांचं अंथरूण, हाच खरा डबा. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे (कोपऱ्यावरचा अंडेवाला फुकट देतो), खाकी खोकी हाताने फाडून, चकचकीत छपाईची नकोत, वाळलेला पाला, शक्य असेल तर पायाखाली चुरलेला आणि एक पावसाळा खाल्लेला, आणि कोकोपीट वापरणार असाल तर ते दोनदा भिजवून पाणी टाकून द्या कारण त्यात खार असतो. हे सगळं मिळून सहा इंच. त्यात दोन-तीन ओंजळी जुनं शेणखत किंवा कुणाकडचं तयार कंपोस्ट मिसळा, जिवाणूंचं विरजण म्हणून. ताजं शेण नको, ते तापतं आणि त्यातला अमोनिया बाधतो, पंधरा-वीस दिवस उघड्यावर पडलेलं हवं. गोठ्यातून आणत असाल तर एवढं विचारा की जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलंय का. दिलं असेल तर ते शेण घेऊ नका, ते औषध शेणातून उतरतं आणि डब्यातल्या जिवांना सोडत नाही.

ओल किती? मूठभर बेडिंग घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब बोटांमधून आला पाहिजे, धार लागली तर जास्त झालं, काहीच आलं नाही तर कोरडं. ही परीक्षा कायम करत राहा, मीटर-बिटर विकत घ्यायची गरज नाही, ते सुईचे स्वस्त मीटर असल्या भुसभुशीत मालात काहीही दाखवतात. आता हे भरलेलं क्रेट आठ-दहा दिवस गांडुळांशिवाय तसंच ठेवायचं. मधे हात खुपसून बघा, कोमट लागलं तर अजून थांबा. लोकांना हे दहा दिवस फार जड जातात.

मग संध्याकाळी टबातली गांडुळं नुसती वर पसरा, पुरू नका. उजेड त्यांना सहन होत नाही, अर्ध्या तासात आपोआप खाली जातात, जी वरच राहिली ती बहुधा जखमी किंवा मेलेली, ती काढून टाका. पहिल्या दोन-तीन रात्री बाल्कनीतला दिवा चालू ठेवा, म्हणजे बाहेर यायचा विचार करत नाहीत. पाच दिवस खायला काही नाही.

गांडुळं कुठली आहेत तेही बघून घ्या. आपल्याकडे विक्रेते बहुधा दोन जाती देतात, कधी सरमिसळ. आयसेनिया फेटिडा म्हणजे लालसर, अंगावर फिकट पिवळट पट्टे, बोटाएवढी. युड्रिलस युजेनी म्हणजे आफ्रिकन, जाड, लांब, जांभळट-राखाडी आणि उजेडात निळसर चमकणारी, खातात भरपूर पण थंडी सोसत नाहीत. कधीकधी पेरिओनिक्स येतात, बारीक, हात लावला की सापासारखी वळवळतात, ही आपलीच देशी, पण पावसाळी हवा झाली की एका रात्रीत सगळी बाल्कनीच्या फरशीवर निघतात, त्यांना झाकण घट्ट हवं. घराच्या बागेतली, शेतातली माती खाणारी गांडुळं आणून डब्यात टाकू नका, त्यांचं घर माती, पुठ्ठ्यात ती जगत नाहीत. आणि एक, गांडूळ कापलं की दोन होतात हे खोटं आहे, नशीब असेल तर डोक्याकडचा तुकडा जगतो. पुढच्या वेळी विकत घेताना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात चौकशी करा, आणि नुसती गांडुळं धुवून वजनावर घेण्यापेक्षा त्यांच्या खतासकट घ्या, त्यात अंड्यांचे कोष असतात.

खाणं. अर्धा किलो गांडुळं कागदावर रोज पाव किलो खातात. कागदावर. तुम्ही सुरुवात एका वेळी शंभर ग्रॅमने करा, म्हणजे बारीक चिरलेली एक ओंजळ, आणि आधीची ओंजळ ओळखू येईनाशी झाल्याशिवाय दुसरी घालू नका. क्रेटचे मनात चार कोपरे करा, आज एक, तीन दिवसांनी दुसरा, असं फिरत राहा, थर एका इंचाच्या वर नको नाहीतर आत तापतो. प्रत्येक वेळी त्यावर तेवढाच सुका माल, चुरलेला पाला नाहीतर फाडलेला पुठ्ठा, कचरा वरून अजिबात दिसता कामा नये. चिलटांचा ऐंशी टक्के प्रश्न इथेच संपतो.

मग उरलेल्या कचऱ्याचं काय, चार माणसांच्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो सालं-देठं निघतातच. तर दुसरा डबा ठेवा, गांडुळांशिवायचा. जुना माठ किंवा तीच तुमची भोकं पाडलेली बादली. त्यात रोजचा कचरा आणि तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट, दोन दिवसाआड काठीने ढवळायचं. तिथे तो तापू दे, पाणी सोडू दे, वास आला तर अजून पाला. दोन आठवड्यांनी तपकिरी, मऊ झालेला माल निघतो तो गांडुळांना द्या, ताज्यापेक्षा दुप्पट वेगाने संपतो. मला विचाराल तर फ्लॅटमध्ये ही जोडी नसेल तर गांडुळांच्या भानगडीत पडूच नये, नुसता माठ बरा.

काय घालायचं नाही याच्या याद्या सगळीकडे असतात, त्यातलं निम्मं उगाच घाबरवणं आहे. एखादी लिंबाची फोड गेली म्हणून डबा मरत नाही, पण उसाच्या रसवाल्याकडची पिशवीभर लिंबं किंवा रोजची मोसंब्यांची सालं मारतील. कांद्या-लसणाची वाळकी टरफलं चालतात, सडका कांदा नको. खरं टाळायचं ते मीठ, तेल आणि शिजलेलं. लोणच्याचा खार, फोडणीची भाजी, उरलेलं वरण, ताकाची भांडी धुतलेलं पाणी. डाळ, पाव, साबुदाण्याची खिचडी असं काही जास्त गेलं की आत आंबतं, आणि मग कधीतरी गांडुळाचं अंग जागोजागी आवळून मण्यांची माळ केल्यासारखं झालेलं दिसतं. ते दिसलं की समजा प्रथिनं जास्त झाली. ते गांडूळ वाचत नाही, पण बाकीच्यांसाठी लगेच तो भाग उपसा, अंड्याच्या टरफलांची पूड भुरभुरा, सुकं वाढवा, दहा दिवस उपास. चहाचा चोथा उत्तम, पण आपला चहा दूध-साखरेचा, म्हणून गाळणी एकदा नळाखाली धरा. केळीची सालं, पपई, भोपळा, कलिंगड यांवर ती तुटून पडतात. भोपळ्याची फोड उपडी ठेवा आणि तीन दिवसांनी उचलून बघा.

सणावाराचं वेगळं सांगावं लागतं. गणपतीत आणि दसऱ्याला निर्माल्य ढिगाने येतं, झेंडू चांगला पण दोरा, तार, चमकी काढून, पाकळ्या सुट्या करून आणि आधी माठात. फुलवाल्याच्या पुष्पगुच्छातली गुलाब-जरबेरा मी घेत नाही, त्यावर फवारे फार. आंब्याच्या दिवसांत साली थोड्या, कोयी नाहीत, कोय वर्षभर तशीच राहते आणि गोडाला चिलटं येतात ती वेगळीच. जानेवारीत मटारच्या शेंगा सोलल्या की डबा भरून टरफलं, ती हिरवी आणि तापणारी, तीही माठातूनच.

आता तुमची पश्चिमेची बाल्कनी. हा खरा धोका आहे, वास नाही. ही गांडुळं पंधरा ते तीस अंशात मजेत असतात, 35 च्या वर गेलं की गडबड, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्यात पश्चिमेचं ऊन सहापर्यंत थेट. मार्च संपता संपता क्रेट आत हलवा, स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत किंवा पॅसेजच्या फरशीवर. जागाच नसेल तर चारी बाजूंनी ओलं गोणपाट गुंडाळा आणि दुपारी दोनदा शिंपडा, पुण्याच्या कोरड्या हवेत त्याने चांगला गारवा होतो, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, तिकडे सावली आणि वारा हाच उपाय. पाणी गोणपाटावर मारायचं, डब्यात नाही. उन्हाळ्यात खाणं निम्मं. पावसाळ्यात उलट, वरून थेंब पडायला नको, पुठ्ठ्याचा हात सैल सोडा, पाला आधीच उन्हाळ्यात दोन पोती भरून ठेवा कारण जुलैत सुका पाला कुठेही मिळत नाही.

डब्यात दुसरे जीव दिसतील, सगळे शत्रू नसतात. पांढरी दोऱ्यासारखी बारीक किडी म्हणजे आंबटपणा वाढला, टरफलांची पूड द्या. लाल मुंग्या म्हणजे डबा कोरडा पडला. चपटी, तपकिरी, खडबडीत अळ्या दिसल्या की लोक किंचाळून फोन करतात, ती काळ्या सोल्जर माशीची अळी, चावत नाही, रोग आणत नाही, पण गांडुळांचं जेवण फस्त करते. याचा अर्थ कचरा उघडा राहतोय. गोम मात्र दिसली की काढा, ती गांडुळं खाते. आणि क्रेटवर जाळीचं वजनदार झाकण ठेवा, कावळ्याला एकदा पत्ता लागला की तो रोज येतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खालचा माल काळा, रवाळ, चहापुडीसारखा झालेला दिसेल, पुठ्ठा ओळखू येणार नाही आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा. काढायच्या आधी चार दिवस पाणी बंद. मग सगळा माल क्रेटच्या एका अंगाला सरकवा, मोकळ्या अंगात नवं बेडिंग आणि भोपळा, आणि यापुढे खाणं फक्त तिकडेच. तीन आठवड्यांत बरीचशी गांडुळं स्वतःच्या पायांनी म्हणावं तर पाय नाहीत, पण आपणहून तिकडे जातात. एकावर एक क्रेट रचायची पद्धत दिसायला छान आहे, पण वरच्या क्रेटचा तळ खालच्या मालाला टेकलेला हवा, मधे बोटभर फट असली तरी कुणी वर चढत नाही, आणि बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये तीच फट असते. घाई असेल तर उजेडात माल शंकूसारखा रचा, दहा मिनिटांनी वरचा थर खरवडून घ्या, गांडुळं खाली सरकत जातात, शेवटी तळाशी त्यांचा गुंता उरतो. चाळताना मोहरीपेक्षा जरा मोठे, दोन्ही टोकांना निमुळते पिवळट मणी सापडतील. ते अंड्यांचे कोष, फेकू नका, परत डब्यात टाका, एकेकातून दोन-चार पिल्लं निघतात, तीन-चार आठवड्यांत. पिल्लाला गळ्याजवळ जाड पट्टा आला की ते वयात आलं, त्याला आणखी दीड-दोन महिने लागतात. गळ्याजवळ असा पट्टा असलेली गांडुळं भरपूर दिसतायत म्हणजे डब्याचं बरं चाललंय.

ताटात गळणारं पाणी व्हर्मीवॉश (तयार गांडूळखतातून पाणी झिरपवून काढलेला झाडांसाठीचा अर्क) म्हणून बाटल्या भरून वाटणारे लोक आहेत. ते व्हर्मीवॉश नाही, ते जास्तीच्या ओलीचं गळती पाणी, त्यात अर्धवट कुजलेलं असतं. झाडांना घालायचंच असेल तर दहापट पाण्यात आणि मातीत, पानांवर नाही. चांगल्या डब्याचं ताट कोरडं असतं.

दिवाळीत गावाला जाणार असाल पंधरा-वीस दिवस, तर जाताना डबा ठासून भरू नका, तिथेच घात होतो. भोपळ्याची एक फोड, ओल्या पुठ्ठ्याचा जाड थर, वर ओलं गोणपाट, झालं.

सोसायटीतल्या बंद पडलेल्या खड्ड्यांत तुमचा कचरा देता येईल का असंही विचारलंय. पुण्यात महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात 5 टक्के सवलत देते, सौर किंवा पावसाचं पाणी साठवणं सोबत असलं तर 10, त्यामुळे खड्डे बांधलेले खूप दिसतात, चालणारे कमी. त्यात नेमून दिलेला माणूस नसतो, पाला कोण आणणार हे ठरलेलं नसतं, आणि बहुतेक ठिकाणी झाकण म्हणून लोखंडी जाळीवर पत्रा, म्हणजे मेमध्ये भट्टी. पत्रा काढून शेडनेट टाकायला कमिटी तयार असेल आणि माळी पाला जाळायचं सोडून खड्ड्याशेजारी साठवणार असेल तर हात घाला, नाहीतर आधी आपलं क्रेट चालवा.

खत वापरताना हात आखडता, बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतं, नवी कुंडी भरताना पाचवा हिस्सा, नुसत्या खतात रोप लावू नका. आणि वर्षभरात गांडुळं जास्त झाली की कुणाला तरी द्या, पण सीलबंद पिशवीत नाही, कापडी पिशवीत ओल्या पुठ्ठ्यासकट, आणि घेणाऱ्याला आधी विचारा की त्याचं क्रेट भरून दहा दिवस झालेत का.